ताईचं निळं स्टूल

भावजींचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. "रजनी गेली," एवढंच म्हणाले. मी गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं आणि रिक्षा पकडली. रडू आलं नाही. अजूनही येत नाही... मेलं मन कुठे जाऊन बसलंय, कोण जाणे.

माझी थोरली बहीण रजनीताई भिवंडीत घरच्या पुढच्या खोलीत इंग्रजी शिकवायची. काल्हेरच्या गोदामांत काम करणाऱ्या पोरी शिफ्ट संपवून यायच्या. इंग्रजीत घडू शकणाऱ्या गोष्टीला क्रियापदाचं एक रूप, नुसत्या कल्पनेतल्या गोष्टीला दुसरं. फळ्यावर लिहून ते कुणाच्या डोक्यात शिरेना. मग ताईने तोडगा काढला. घडू शकेल ते लाकडी खुर्चीत बसून बोलायचं, घडणार नाही ते निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर. वडपे गावची सविता स्टुलावर बसून खुशाल राणी व्हायची. एकदा मात्र सुपरवायझर व्हायचं वाक्यही तिथूनच बोलली, तर ताईने तिला हाताला धरून उठवलं. "ऊठ गं. जागा बदल."

"मॅडम, त्ये मला जमनार न्हाय."

"ते मी बघते. तू खुर्चीत बस आधी!"

ताईला कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली, तरी बाई खुर्ची सोडेना. "इफ आय गेट वेल..." बरी झाले तर सुट्टीनंतर नवी बॅच घेणार, हे ती खुर्चीतूनच सांगायची. ती तिथे बसतेय तोवर ती जगणार, असं माझं खुळं गणित होतं. मग एका दुपारी आम्ही दोघीच होतो. ती भिंतीला धरत उठली आणि स्टुलावर जाऊन बसली. "इफ आय वेअर वेल..." बरी असते तर... पुढचं बोललीच नाही. "ताई, खुर्चीत बस बघू," मी म्हटलं.

"राहू दे गं. चहा टाक."

मी चहा टाकला.

आता वर्ग मीच घेते. परवा सविता भेटायला आली. सुपरवायझर झालीय ती. कुणीतरी काही विचारलं आणि मी खुर्चीतून बोलून गेले, "ताई आली की विचारू तिला." सविताने येऊन हलकेच माझा हात धरला. "उठा मावशी. जागा बदला."

मी खुर्ची घट्ट धरून ठेवली. "थांब गं जरा," म्हटलं. ती थांबली. स्टूल समोरच होतं.