तेल लावलेली पाटी

आमच्या घराण्यात शाळेत जाणारा पहिला मी. शाळा सोडून घरी बसणारा पहिला होण्याचा मानही मी थोडक्यात हुकवला.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव दिंद्रुडच्या बाजूला. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाची ओसरी आणि एक मास्तर. वडिलांनी अट घातली होती, "ज्वारीच्या पेरणीपस्तोर शिक. तंवर लिहाय आलं तर बरं, न्हाई तर चल गुरांमागं."

माजलगावच्या बाजारातून दगडी पाटी आली. पहिला धडा पाच अक्षरांचा. ती काढायला मला तीन दिवस लागले. मास्तर म्हणाले, "आता पूस, आणि घरून पुन्हा लिहून आण." एवढ्या कष्टाचं पीक आपल्याच हातानं मोडायचं? मी पाटी मांडीवर घेऊन घरात नुसता बसून राहिलो.

आई म्हणाली, "लिव्हीत कावून न्हाईस रं?"

"पुसलं की इसरतं, माय. मास्तरच म्हनले."

आईला ते लगेच पटलं. पटणारच. आमच्या घरात तोवर लिहिलेलं असं एकच होतं, जमिनीचा शिक्क्याचा उर्दू कागद. तो पत्र्याच्या नळीत घालून आढ्याला टांगलेला असे. तो कुणी कधी पुसला होता? आईनं माझी पाटी उचलून देव्हाऱ्यात ठेवली. रोज हळदकुंकू, आणि मारुतीला घालतात तसं वरून तेल.

शाळेत मी धुळीत बोटं फिरवू लागलो. "पाटी कुठाय?" असं मास्तरांनी विचारलं की सांगायचो, "घरी हाय, फुटंल म्हनून." दोन्हीकडं थाप खपली. त्या आठ दिवसांत माझ्याइतका हुशार माणूस अख्ख्या तालुक्यात नसेल, असं मला वाटे.

पेरणी तोंडावर आली आणि एका सकाळी वडील पाटी काखेत मारून ओसरीवर हजर झाले. मागोमाग पदर सावरत आई; ती पायऱ्यांपाशी खालीच थांबली.

वडील म्हणाले, "मास्तर, काय शिकलं ते बघायचंय."

मास्तरांनी पाटी माझ्यापुढं ठेवली. मी पेन्सिल टेकवली, ती तेलावरून सर्रकन घसरली. जोर लावला. पेन्सिल मोडली.

"लिव्ह की बे!" वडील खेकसले.

लिहिणार कशावर? आणि खरं सांगावं तर थाप उघडी पडणार. मी पेन्सिलीचे तुकडे गोळा करू लागलो.

"येत न्हाई याला," वडील उठले. "चल, गुरं सोडायचीत."

"तेल मी घातलंय," आई खालूनच बोलली. "पुसलं की इसरतं म्हनून."

"कोण म्हणालं?" मास्तर.

"आवं, तुमीच की!"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. छडी त्यांच्या हाताशीच होती. मग ते आईला म्हणाले, "हो बाई, म्हणालो होतो. पण आता पोरगं पक्कं झालंय. आता पुसा."

आईनं शेजारच्या घरातून चुलीतली ओंजळभर राख आणली आणि पाटी घासायला घेतली. शेवटच्या अक्षरापाशी हात थांबला. "ऱ्हाईल ना रं ध्यानात?"

मी मान डोलावली. चार अक्षरं झरझर काढली. पाचवं मात्र खरंच आठवेना! माझीच थाप माझ्यावर उलटली होती. शेवटी मनानंच एक अक्षर रचलं. त्याला वेलांट्या, काने, गाठी, जे सुचेल ते लावलं. पाचांत तेच सगळ्यात देखणं दिसत होतं.

"बराबर हाय का?" वडिलांनी विचारलं.

मास्तरांनी पाटी उचलून ते अक्षर उजेडात धरलं. "बरोबर आहे. पण अजून लई शिकायचं बाकी आहे. पेरणीपर्यंत नाही व्हायचं."

वडिलांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "मंग ऱ्हाऊ द्या इथंच," म्हणाले.

ते दोघं पायऱ्या उतरले तसा मास्तरांनी माझा कान धरला. "हे अक्षर कुठल्या मुलखातलं रे?" आणि त्यांनी पाटीवर खरं पाचवं अक्षर काढून दिलं. कान त्यांच्या हातात होता, म्हणून मान तिरपी ठेवूनच मी ते गिरवलं. गिरवता गिरवता थोड्या वेळानं ओसरीवरून पांदीच्या वाटेकडं नजर गेली. वडील एकटेच गुरं हाकत निघाले होते.