गुळाची पळवाट

दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून आयुष्य घालवल्यामुळे मला एक खोड जडली आहे: जे बजावायचे ते मी लेखी बजावतो. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी मानवतला माझ्याकडे आली आणि तपासणीत तिच्या रक्तात साखर वाढलेली निघाली, तेव्हाही मी तेच केले. आमच्याकडे गरोदर लेकीला सातव्या महिन्यापासून घरोघरी जेवायला बोलावतात आणि प्रत्येक घरी गोड वाढतात. नको म्हणणे हा अपमान. म्हणून गल्लीतल्या आणि भावकीतल्या प्रत्येक घरी मी स्वाक्षरीनिशी पत्र धाडले: डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार माझ्या मुलीस साखर वर्ज्य आहे, कोणीही आग्रह करू नये.

आमचे स्वयंपाकघर सांभाळणारी माझी थोरली बहीण, अक्का, पत्र ऐकून हसली. “आरं, पोटुशी लेकीला जेवू घालायला आता वकील लावू का?”

डॉक्टरीणबाईंनी मात्र हसण्याजोगे काही सांगितले नव्हते. आईच्या रक्तातली जादा साखर गर्भाशयातल्या वारेतून बाळाकडे जाते. ती जिरवण्यासाठी ते कोवळे शरीर जादा इन्सुलिन तयार करू लागते. शिवाय आईच्या अंगात एक मंद दाह सुरू राहतो आणि तो वारेपर्यंत पोहोचू शकतो. “बाहेरून सूज दिसणार नाही, काका. ती ठणठणीतच वाटेल.” मला जिनिंगच्या आवारातली कापसाची गंजी आठवली. ठिणगी आत शिरली तरी गंजी वरून पांढरीशुभ्र राहते. धूर दिसतो तेव्हा आतले सारे जळून गेलेले असते.

मुलगी खरोखरच ठणठणीत दिसत होती. पोट अंमळ मोठे होते. “वाघ हाय आत, वाघ!” म्हणून बायका तिची दृष्ट काढत. साखर मोजायच्या घरच्या यंत्रावरचा आकडा मात्र जेवणानंतर रोज चढत होता आणि त्याचे कारण मला सापडत नव्हते. भात कमी केला, चालणे वाढवले. आकडा ढळला नाही.

एका दुपारी मी टपाल कचेरीतून लवकर परतलो. अक्का मुलीला गूळ-तुपात कुस्करलेली पोळी भरवत होती.

“अक्का! पत्र वाचून दाखवलं होतं की नाही तुला?”

“दाखवलंस की. त्यात साखर लिवलीय. गूळ कुठं लिवलाय? गुळानं तर रक्त वाढतंय. साऱ्या गल्लीनं पाळलंय तुझं पत्र, साखरेचा दाणा कुणी घातला न्हाई!”

मुलगी मान खाली घालून म्हणाली, “अण्णा, गूळ चालतो असं सगळ्याच म्हणत होत्या.”

सगळ्याच! कुठे गुळवणी, कुठे शेंगदाण्याची पोळी. निष्णात वकिलालाही इतकी साधी पळवाट सुचली नसती. रक्ताला गूळ आणि साखर यांत भेद करता येत नाही, असे मी ओरडून सांगितले. गल्लीने ऐकले, पण आत जायचे ते गेले होते. इन्सुलिनची इंजेक्शने सुरू झाली. उशिराच.

परभणीत शस्त्रक्रिया होऊन मुलगा झाला. “बघ, कसा गुटगुटीत!” अक्का म्हणाली. थोड्याच वेळात त्याचे हात थरथरू लागले, श्वास भरभर होऊ लागला. नाळ तुटताच आईकडून येणारी साखर थांबली होती. त्याचे इन्सुलिन थांबले नव्हते. त्याच्या रक्तातली साखर धोक्याइतकी खाली गेली होती. आता नळीतून त्याला साखरच द्यावी लागत होती, आणि ती पुरते की नाही हे पाहण्यासाठी त्याची टाच पुन:पुन्हा टोचत होते. काचेपलीकडे तो रडला तरी आवाज येत नव्हता.

“एवढ्याशा टाचेला किती टोचतील रं?” अक्काने विचारले.

बाळ सावरले. घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी बजावले: आईची साखर दीड महिन्याने पुन्हा तपासा; आजार गेला असे गृहीत धरू नका, तो पुढेही उलटू शकतो.

“बाळ भाईर आलं, आजार बी गेला,” असा निकाल अक्काने रिक्षातच दिला.

घरी आल्यावर एका सकाळी मी पाळण्यापाशी बसलो होतो. टाचेवरच्या काळ्या खुणा अजून पुसल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातून गूळ वितळल्याचा वास आला. आत गेलो, तर अक्का डिंकाचे लाडू वळत होती.

“बाळंतिणीसाठी हायत,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली. “बाळाच्या तोंडाला न्हाई लावायली मी.”

मुलीच्या हातातला लाडू अर्धा संपलेला होता.