चाळीस माणसांचं माप

चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. घरात ती इतक्या वेळा कबूल करून झाली आहे की आता तोंडपाठ आहे. सौंसरच्या एका मंगल कार्यालयात टीव्हीवरचा मोठा शेफ येणार, सगळ्यांसमोर स्वयंपाक करून दाखवणार, वेळ सकाळी अकरा ते एक, सपरिवार या, असं निमंत्रण कुठल्याशा मसालेवाल्या कंपनीनं आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत पाठवलं होतं. आता आमच्या भागात ऐन जेवणाच्या वेळी सपरिवार बोलावून कोणी कोणाला उपाशी परत पाठवत नाही. मी जेवण गृहीत धरलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर घरी येऊन पिठलं टाकता आलं असतं. पण मी साडभाऊंना फोन केला. "किती जण आणू, सर?" त्यांनी विचारलं. "आणा हो, कितीही आणा!" मी दुसऱ्याच्या जिवावर उदार झालो. आणि हे मी कोणाला म्हणालो? तर माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, ज्यांना आयुष्यात एकटा माणूस कधी दिसलाच नाही. त्यांची नजर सुरूच होते ती चाळिसापासून.

लोधीखेड्याजवळच्या गावात साडभाऊंची कपाशी आहे, संत्र्याची बाग आहे, पण ती सगळी जोडधंद्यासारखी. खरं काम पंगतीचा स्वयंपाक. लग्न, बारसं, तेरवी, कोणाच्याही घरी मोठी कढई चढली की साडभाऊ तिच्यामागे उभे. त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी पंगतीच्या मापात बसवल्या आहेत. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा त्यांनी चौरस फूट विचारले नाहीत, चालत एक चक्कर मारली आणि म्हणाले, "साठ बसते. लेकरं दाटीनं बसवले तं सत्तर." माणसं त्यांना नावानं आठवत नाहीत. आमच्या हेडमास्तरांची ओळख मी तीनदा करून दिली, शेवटी साडभाऊंनीच आठवण काढली, "हां, ते, वरणात लिंबू पिळून मंग मीठ मागनारे!" घरच्या स्वयंपाकघरात मात्र त्यांना बंदी आहे. एकदा त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, माहेरी गेली असताना त्यांनी स्वतःपुरते पोहे केले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्खी गल्ली पोहे खात होती.

आणखी एक. ते चाखत नाहीत. लोकांच्या आधी आपल्या जिभेला घास लागता कामा नये, हा त्यांच्या वडिलांचा नेम. मग मीठ कसं कळतं? तर कान लावून. कढईवर असे वाकतात, जणू आजारी माणूस काहीतरी सांगतो आहे. "थांबा, अजून कुरकुर करून राह्यली," म्हणतात. मग थोड्या वेळानं, "आता बोलली." मी एकदा कान लावून पाहिला. मला फक्त वाफ लागली.

पण दोन वर्षांपासून कढईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. एकीकडे गुडघे गेले, दुसरीकडे गावोगावी केटरर आले. टोप्या घातलेली पोरं, रांगेत मांडलेली भांडी, लोक ताट हातात धरून उभे. साडभाऊंना लग्नाच्या पत्रिका येत, पण स्वयंपाकाचं बोलावणं येत नसे. ते जात, एका कोपऱ्यात खुर्चीवर बसत आणि कोण न जेवता गेलं ते मोजत.

तर त्या दिवशी हे साडभाऊ मेटाडोरमधून उतरले ते एक्केचाळीस जणांना घेऊन. शेजारी, मजूर, मजुरांच्या सासवा, आणि प्रत्येकाच्या पिशवीत गावजेवणाच्या रिवाजाप्रमाणे आपापलं ताट आणि गिलास. सगळे सकाळपासून पोट मोकळं ठेवून आलेले. आत शिरताच साडभाऊंनी विचारलं, "बसायच्या पट्ट्या कुठं अंथरल्या?" मी खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

शेफ तरुण होता, हसरा होता, हात विजेसारखा चालत होता. आपल्याच भागातल्या संत्र्यांचा रस आटवून त्यानं त्यात पनीर शिजवलं. परातीएवढ्या पांढऱ्या बशीत तीन तुकडे ठेवले, चमच्यानं रसाची एक रेघ ओढली, वर एक पान टेकवलं. टाळ्या पडल्या. "कोई सवाल?" त्यानं विचारलं.

साडभाऊ गुडघ्यावर हात टेकत उठले. "साहेब, हे किती जणाचं?"

"सर, ये एक पोर्शन है."

"एकाचं? अन् बाकीचे?"

हॉल हसला. आमचे एक्केचाळीस हसले नाहीत. कार्यक्रम संपला, लोक निघाले, आणि ते मात्र पिशव्या मांडीवर घेऊन साडभाऊंच्या तोंडाकडे पाहत बसून राहिले. साडभाऊंचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"भाऊ, माझी चूक झाली," मी म्हणालो.

"चूक तुमची असन, सर. शब्द माहा होता. माह्या शब्दावर आलेला मानूस आजवर उपाशी गेला नाई." ते कार्यालयाच्या मॅनेजरकडे वळले. "मांगं भट्टी हाय ना? कढई काढा, तांदूळ-डाळ असन ते काढा. सर, तुम्ही वांगे आना. पंधरा किलो. अन् पळा, चालू नका!"

मी पळालो. परत आलो तेव्हा ही आणि बाकीच्या बायका ताटांत तांदूळ निवडत होत्या, भट्टी धडधडत होती, आणि हात धुवायला मागे आलेला शेफ बाह्या सरसावून कांदे चिरत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साडभाऊ बाजूला उभे राहून बघत होते. माझ्या कानात म्हणाले, "हात पाहा पोट्ट्याचा! दोनशे मानसाचा हात हाय. एका मानसावर वाया घालवून राह्यला."

मसाला पडला, वांगी पडली. शेफनं चमचा पुढे केला. "सर, नमक चेक कीजिए."

"चाखत नाई मी. इकडं या." आणि टीव्हीवरचा तो शेफ साडभाऊंच्या शेजारी कढईवर कान देऊन वाकला. "क्या बोल रही है?" त्यानं हळूच विचारलं. "अजून रुसून हाय," साडभाऊ म्हणाले. "मीठ पायजे तिले."

अडीच वाजता पट्ट्या अंथरल्या. मॅनेजर बसला, कंपनीची माणसं बसली, शेफनं वरण वाढलं आणि मग स्वतः मांडी घालून बसला. एक्केचाळिसाव्या माणसानं ढेकर दिला तेव्हा साडभाऊ हॉलच्या खांबाला टेकून उभे होते. चेहरा असा, जणू त्यांच्याच घरचं लग्न पार पडलं.

परतीच्या वाटेवर ही मोटरसायकलवर माझ्या मागे बसली होती. मी म्हटलं, आता बोलणी खायची तयारी ठेवावी. तिगावच्या जरा अलीकडे तिनं माझ्या पाठीवर टकटक केलं.

"भाऊजीचे पाय थरथर करून राह्यले होते. खांब सोडला असता तं पडले असते."

"हो ना," मी म्हणालो. "आता हे काम त्यांच्यानं होणार नाही."

"फेब्रुवारीत पोरीचं लग्न हाय आपल्या," ती म्हणाली. "ठरवलेल्या केटररले नाई म्हणून सांगा. भट्टीपाशी एक चांगली खुर्ची टाकू. भाऊजी कढई ऐकतीन, तुम्ही ढवळा."