सलोमीची पांढरी साडी

चिंचपोकळीच्या कोंडीराम रंगाऱ्याला कापडाआधी माणसाची काळजी. कुणी चांगला सदरा काळा करायला आणला, तर घरी सगळं बरं आहे ना, हे विचारल्याशिवाय तो कढईखाली जाळ करत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांची काळी निशाणं मात्र तो फुकट रंगवून द्यायचा. त्या वर्षी त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

शेजारच्या चाळीतले शांतवन मास्तर ख्रिस्ती. त्यांच्या सलोमीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या वारलेल्या आईची लग्नातली साडी त्यांनी कोंडीरामकडे आणली. साडी पांढरी, पण पेटीत राहून पिवळी पडलेली. नवरी हीच नेसणार आहे, धुऊन पुन्हा पांढरी कर, एवढं सांगून मास्तर शाळेला गेले.

कोंडीराम साडीकडे बघतच राहिला. पोर त्याच्या डोळ्यांसमोर वाढलेली. घरात आई नाही, बापाला पुस्तकांपलीकडे काही कळत नाही, म्हणून काय तिनं लग्नात पांढऱ्यात उभं राहायचं? त्याचा जीव तुटला. त्यानं ठेवणीतला लाल रंग काढला आणि साडी अशी कुंकवासारखी रंगवली की त्याची बायको रखमासुद्धा कौतुकानं बघत बसली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सलोमीनं कोंडीरामसमोरच घडी उघडली आणि ती लाल साडी बापापुढे धरली. मास्तर रागावले नाहीत, तेच कोंडीरामला जास्त लागलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आमच्यात पांढरा रंग काही गमावल्याची खूण नाही. बाप्तिस्म्याला तोच, लग्नालाही तोच. देवानं धुऊन स्वच्छ केलेल्या माणसाचा तो पोशाख. शिवाय तो हिच्या आईच्या अंगावरचा.

कोंडीरामनं त्या दिवशी निशाणं बाजूला सारली. साडी उकळली, रंग उतरवायच्या पावडरीत बुचकळली, पिळली, पुन्हा उकळली. लाल गेला, पण पदराच्या कोपऱ्यात जरासा गुलाबी अडून बसला तो बसलाच. कुणाला दिसणार नाही, असं रखमा म्हणाली. त्याला मात्र दुसरं काही दिसेना.

भोईवाड्याकडच्या चर्चमध्ये तो हात लपवून मागच्या बाकावर बसला. पाद्रीबाबा सांगू लागले, की माणसाचे अपराध लाखेसारखे लाल असले तरी देव ते धुऊन पांढरेशुभ्र करतो. कोंडीरामला घामच फुटला. म्हणजे मास्तरांनी यांच्याकडे चुगली केली तर. तेवढ्यात पाद्रीबाबांनी मान वर केली आणि या लग्नाला कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी, असं विचारलं. आता हे आपल्यालाच, यात कोंडीरामला शंका उरली नाही. तो उभा राहिला. सगळं चर्च मागे वळलं. नवऱ्यामुलाचं तोंड एवढंसं झालं.

"हरकत नाय बाबा," कोंडीराम म्हणाला. "पोर लाखात एक हाय. साडी मीच लाल केलेली. लई धुतली, पण पदराला रंग ऱ्हायलाय. तुमच्या देवाला सगळा काढता येत असंल, मला नाय जमला."

सलोमीनं पदर पुढे ओढला आणि तो गुलाबी कोपरा शोधून मुठीत धरला.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "आई नसताना कुणीतरी माझी काळजी केली, ते दिसू दे."

कोंडीराम डोळे पुसत खाली बसला. पाद्रीबाबांनी घसा खाकरला आणि आणखी कुणाची हरकत आहे का, हे न विचारताच पुढचं वाचायला घेतलं.