डबल चित्र

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, दूधवाला नुसता हसला तरी मी पातेल्यात वाकून पाहतो. पाहतो, मग? नागपुरात राहून एवढंही करू नये का माणसानं?

ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका कॅसेटवाल्याचं दुकान होतं. तो दुकानात व्हीसीआरवर पिक्चर लावायचा आणि एका लांब वायरीवरून तो गल्लीतल्या चौदा घरांत दिसायचा. वायर मी टाकलेली. मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो, म्हणून गल्लीचा इंजिनिअर मीच. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की शेवटच्या घरांत चित्रावर मुंग्या यायच्या, मग मी बूस्टरचं बटण फिरवून जोर वाढवायचो. दुपारी व्होल्टेज चढलं की पहिल्या घरांत हिरोहिरोईन पांढरेफटक पडायचे, मग तोच जोर कमी करायचा. दिवसभर ही कसरत.

चोरून कोणी जोड घेऊ नये म्हणून मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना एक थाप मारून ठेवली होती. म्हटलं, हे नळासारखं आहे, जितके टीव्ही चालू तितकं चित्र वाटलं जातं. वरच्यांनी जास्त ओढलं की खालच्यांना कमी. लोकांना ते झटकन पटलं. कोण टीव्ही लावून बसलंय हे बायका एकमेकींच्या दारातून डोकावून पाहू लागल्या. मला बरंच झालं.

आमचं घर सगळ्यात शेवटी. त्या उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी आई न्हाणीत घसरली आणि तिचा पाय मोडला. कमरेपर्यंत प्लास्टर. लग्न कुहीला, मुलाकडे. तारीख पुढं ढकलायला ते लोक तयार नव्हते. एकुलत्या एका लेकीचं लग्न आणि आई इथं खाटेवर. आम्ही निघालो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मुलाकडच्यांनी लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढली होती. बहिणीचा दीर एका रविवारी ती घेऊन येणार होता, फक्त दुपारपुरती, कारण पाच वाजताच्या बसनं त्याला ती परत न्यायची होती. लग्नसराई, भाड्यानं व्हीसीआर कुठंच मिळेना. कॅसेटवाला म्हणाला, दुकानातूनच लावतो, सगळी गल्ली पाहील. आई त्या दिवसापासून रविवारपर्यंतचे दिवस मोजायला लागली.

आणि नेमकं आई खाटेवर पडली त्याच सुमारास चित्र डबल दिसायला लागलं होतं. रोज दुपारी, बायकांचा पिक्चर सुरू झाला की प्रत्येक चेहऱ्याच्या बाजूला दुसरा चेहरा. हे कशानं होतं ते मला पक्कं माहीत होतं. कुठंतरी वायरीचं तोंड उघडं राहिलं की चित्र तिथून उलटं फिरतं आणि मागच्या घरांत डबल होतं. म्हणजे कोणीतरी चोरून वायर जोडली होती.

मी जेवायला घरी यायचो तेव्हा वायरीच्या कडेकडेनं कान देत चालायचो. सगळ्या घरांतून पिक्चरचा आवाज, एक घर सोडून. आमच्या अलीकडे तिसऱ्या घरातल्या काकू. नवरा कोराडीला पॉवर हाउसमध्ये शिफ्टवर, दुपारी काकू एकट्याच. दार लोटलेलं, आवाज नाही. त्यांच्या जावेनं मागच्या गल्लीत नुकताच टीव्ही घेतला होता. मग काय, माझं गणित जमलं. यांनी वायर मागं जावेला दिली आणि दुपारी तिकडंच जाऊन बसतात.

शनिवारी सकाळी नळावर सगळ्या बायका होत्या. मी तिथंच तोंड उघडलं.

"काकू, लाइन कोणाले देऊन राहिल्या तुम्ही?"

"मी काहून कोणाले देईन गा?"

"मले सगळं समजते. उद्या आईले लग्न पाहायचं हाये. उद्या तरी तुमचा धंदा बंद ठेवा."

त्यांचा चेहरा उतरला. बाकीच्या बायका कळशीकडे पाहत राहिल्या. काकू हळूच म्हणाल्या, "बंदच ठेवीन, बापू." मी मनात म्हटलं, पकडली.

रविवारी दोन वाजता कॅसेट लागली. चित्र डबल. हळदीत दोन-दोन नवऱ्या, एकीत एक मिसळलेल्या. आई उशीवरून मान उचलून विचारत होती, "माही पोरगी कोणती हाये रे यातली?" मी दुकानाकडे धावलो, बूस्टर फिरवला, परत आलो, पुन्हा धावलो. मंगलाष्टकं झाली, हार झाले, सप्तपदी झाली. आई डोळे बारीक करून पाहत होती. मग तिनं पाहणं सोडलं आणि नुसती ऐकत राहिली. साडेचार वाजले तेव्हा माझं डोकं फिरलं. मी काकूंचं दार न वाजवता ढकललं.

काकू घरातच होत्या. टीव्हीवर चादर टाकलेली. टीव्हीतून उपसलेली वायर फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली होती, आणि त्या समोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"म्या नाही लावला गा," त्या घाईनं म्हणाल्या. "तुही आई पडली तवापासून दुपारी लावतच नाही. काढूनच ठेवते. तिले पुरं दिसू दे म्हटलं. तूच त सांगतलं होतं."

मला खरंच तिथं उभं राहवेना. वायरीचं उघडं तोंड ते हेच होतं. मी वायर उचलून टीव्हीत खोचली आणि एवढंच म्हणालो, "राहू द्या आता अशीच." माफी मागायची होती. नाही मागितली.

घरी आलो तर चित्र स्वच्छ. बहीण आईसारखंच नाक ओढत, सगळ्यांच्या पाया पडत गाडीत बसत होती. आई दोन्ही हातांनी खाटेची पाटी धरून पाहत होती. गाडी हलली आणि कॅसेट संपली. दीर बसला पळाला. पुढं आम्ही ती कॅसेट पुन्हा मागितली तेव्हा तिच्यावर कोणीतरी दुसरंच काही टेप करून टाकलं होतं. आईनं लेकीच्या लग्नातलं फक्त तिचं जाणं पाहिलं.

त्या दुपारी मात्र तिचा चेहरा उजळला होता. मला म्हणाली, "शेवटी किती साफ आलं, पाह्यलं? काकूनं बंद केला असन टीव्ही. जाय, तिले सांगून ये, म्हणा आईले दिसली."