एकतीस जोडी बूट आणि माझ्या सँडल

तुमच्या हातचा हा चहा आधी पिऊन घेते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मला दुसरा कप विचारणार नाही. अशी माती खाल्लीय मी!

मी राहते वरसे गावात, रोह्याला लागूनच. रोज सकाळची गाडी पकडायची, पेणला उतरायचं आणि रिक्षाने खाडीकाठची शाळा गाठायची. पाचवीचा वर्ग, बत्तीस मुलं. निम्म्यांची घरं मिठागरावर चालतात.

आणि मला एक तत्त्वज्ञान होतं. हसू नका! पुस्तक मिटा, बाहेर पडा, वस्तूला हात लावा, की मूल शिकलंच. जन्मात विसरणार नाही. रोह्याच्या प्रशिक्षणात हे मी असं काही ठणकावून सांगितलं की टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाचं जे होतं ते माझं झालं.

त्याच आठवड्यात विज्ञानात बाष्पीभवनाचा धडा आला. मी म्हटलं, फळा कशाला? मिठागर दहा मिनिटांवर आहे! चला, बूट घाला, रांग करा! मिठागरात वाढलेल्या पोरांना मीठ कसं होतं ते दाखवायला निघाले होते मी. आहे की नाही कमाल?

भर दुपारची वेळ. कामाची माणसं जेवायला गेलेली. समोर मीठ पिकवायचा एक रिकामा वाफा, सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत. पोरं मात्र बांधावरच थबकली. तिथंच मला कळायला हवं होतं की नाही? पण नाही!

"अरे, चिखलाला काय घाबरता? उतरा खाली!"

"बाई..." दर्शना पुढे आली.

दर्शना म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात कमी बोलणारी मुलगी. वडील कंपनीत शिफ्टला, मिठागराचं सगळं आई बघायची. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मी तिला एकटीलाच बसवलं होतं. पाचवीची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, आणि ती मिळवणार याची मला खात्री होती.

"हात वर करून बोलायचं!" मी म्हटलं.

तिने हात वर केला.

"आता प्रश्न नाहीत. प्रश्न शेवटी!"

आणि आम्ही उतरलो. एकतीस जोडी बूट आणि माझ्या टाचेच्या सँडल. बाई सांगतात म्हटल्यावर पोरं बिचारी काय करणार? तळ किती घट्ट असतो ते कळावं म्हणून मी त्यांना उड्या मारायला लावल्या. हो, उड्या! वर फोटो काढले, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले, अंगठ्यांचा पाऊस पडला. दर्शना बांधावर हात वर करून उभी होती.

"हं, दर्शना, विचार आता."

तिचा हात खाली आला. "बाई, ह्यो आमचा वाफा हाय. आई नि मी महिनाभर अनवाणी तुडवलाय. आता खड्ड्यांत चिखल ऱ्हायल, मीठ काळं येल. काळं मीठ कोण घेत नाय."

मी खाली पाहिलं. वाफ्याची चाळण झाली होती. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मला कुणाकडे बघावं ते कळेना.

हे झालं गुरुवारी. शुक्रवारी दर्शना शाळेत आली नाही. शनिवारीही नाही. रविवारी शिष्यवृत्तीचा पेपर, पेणच्या केंद्रावर अकरा वाजता. मी नऊपासून फाटकाशी उभी. सगळ्या शाळांची पोरं आली, माझी एक आली नाही. साडेनऊला मी फाटक सोडलं. रिक्षा केली आणि थेट मिठागर गाठलं.

मायलेकी वाफा तुडवत होत्या.

"वहिनी, आज तिचा पेपर आहे हो!"

"म्हाईत हाय बाई," तिची आई म्हणाली. "पन उद्या उधाणाचं पानी आत घ्यायचंय. आज तळ झाला नाय तर झालाच नाय."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने मला पाणी विचारलं.

मी सँडल काढल्या, साडी खोचली. "दर्शना, तू बस रिक्षात. तुझ्या जागी मी तुडवते."

आईने लेकीला रिक्षाकडे हात केला. "जा गो. बाई हायत."

दर्शनाने आधी मला दाखवलं. "बाई, टाच नाय मारायची. अख्खा पाय ठेवायचा, हळू दाबायचा, मग दुसरा त्याला चिकटून." सोपं वाटलं. मी पाय ठेवला, खड्डा पडला. तिने परत दाखवलं. परत खड्डा. दहा वेळा दाखवलं असेल तिने, पण आवाज चढला नाही. मी असते तर तिसऱ्यांदाच विचारलं असतं, लक्ष कुठं आहे तुझं?

सव्वादहा झाले. रिक्षावाल्याने हॉर्न दिला. दर्शना चपला घालून जाऊन बसली, मी दिलेला कंपास मांडीवर घेतला आणि मागे वळून माझी ओळ पाहिली. बराच वेळ पाहिली. मग उतरली.

"बाई, तुमाला नाय आलं अजून."

"येईल गं! तू जा!"

"जा गो, मी बघते," आईही ओरडली.

"नाय आये. बाई तुडवतील नि तू मागनं बुजवत बसशील. संध्याकाळपरेत व्हायचं नाय." तिने चपला काढल्या, माझा हात धरला. "बाई, माज्या पायाबरोबर पाय टाका."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. केंद्रावर पेपर चालू असणार, आणि ती मला म्हणत होती, "रडू नका, पायाकडं बघा. आता बरं पडतंय."

खरंच पडत होतं हो बरं! दुपारपर्यंत मला आलं. पण तोवर पेपर संपला होता.

सोमवारी मुख्याध्यापकांनी कागद पुढे केला. परीक्षेला गैरहजर विद्यार्थी, नाव, आणि पुढे कारणाचा रकाना. मी पेन घेतलं. खरं कारण चार शब्दांचं होतं: 'ती बाईंना शिकवत होती.'

मी लिहिलं, 'घरगुती अडचण'.