चिनीबाईच्या पेटीतली कडी

ती घटना विसरायची मला सोयच नाही, कारण त्या प्रकरणातली मुख्य साक्षीदार या घडीला आत भाकरी थापतेय.

दुसऱ्या महायुद्धाच्या दोनेक वर्षं आधी मी शहाद्याला फौजदार होतो. सायकलवर रेशमी कापड विकणारा एक चिनी माणूस आणि त्याची बायको बाजारामागे खोली घेऊन राहत. परदेशी म्हणून दोघांची ठाण्यात नोंद होती. चिनीबाई बायकांना बारीक सुया टोचते, दवण्यासारख्या वासाचा पाला पेटवून शेक देते, एवढं कानावर होतं. मी लक्ष दिलं नव्हतं.

त्या महिन्यात आठवडेबाजारात बायकांच्या पायातली चांदीची कडी चोरीला जात होती आणि वरून तगादा होता. एका सकाळी आमचा खबऱ्या धापा टाकत आला. "साहेब, चिनीबाईनी पेटीमा चांदी शे! बायास्ना पायमधल्या कडा!"

दोन पंच घेऊन मी झडती घेतली. पेटीत चार जोड कडी, प्रत्येक जोड वेगळ्या फडक्यात. मुद्देमाल आणि बाई, दोन्ही ठाण्यात आणली.

"ये कडे किसके?"

"नहीं बोलेगा. चोरी नहीं. औरत लोग का बात."

दोन तास मी घसा फोडला. शेवटी ती मला निरखत म्हणाली, "साहेब, जीभ दिखाओ." हवालदार मान खाली घालून हसू लागला. मी टेबलावर हात आपटला, तर म्हणते कशी, "गुस्सा बहुत. नींद कम." झोप खरंच कमी होती, पण हिला कुणी सांगितलं!

मी तिला स्पष्ट बजावलं. संध्याकाळपर्यंत मालक पुढे आला नाही, तर चोरीचा माल बाळगल्याबद्दल कोर्टात उभं करीन. शिक्षा झाली की देशाबाहेर काढतील. तिचा नवरा पायरीवर सायकल धरून बसला होता. बाई ढिम्म.

पंचनाम्यात वर्णन लिहायला मी फडकी सोडू लागलो. तिसऱ्या फडक्यातल्या एका कड्याला चीर होती, पितळेने सांधलेली. ती मीच नंदुरबारच्या सोनाराकडून सांधून आणली होती. माझ्या आईने सुनेच्या पायात घातलेलं ते कडं. मी बाईकडे पाहिलं, तिने नजर वळवली. फौजदाराच्या बायकोचं नाव घेतलं असतं तर ती तेव्हाच सुटली असती. तिने ते घेतलं नव्हतं.

मी उठून घरी गेलो. बायको चुलीपुढे, लुगड्याच्या काठाखाली घोटे मोकळे.

"कडा कोठे शेतस?"

"चिनीबाईकडे. ती घोटावर सुई टोचस, तठे जड चांदी घासाले नको. पाय लुगडामा झाकाई जातस, पन कडा घर ठेवं तर आत्याबाई देखतीन."

सवाष्णीचे पाय मोकळे दिसले की सासू काय म्हणते, ते मला ठाऊक होतं. आमच्या आईने तर घर डोक्यावर घेतलं असतं.

"पण तुले व्हयनं काय?"

"दुसरं पोर पोटमाच गये, तवयपासून चक्कर येस. भित धरी धरी चालस मी."

"माले काबर नही सांगं?"

"तुमी इचारं व्हतं का?"

भाकरीला उशीर झाला म्हणून मी त्याच आठवड्यात तिच्यावर ओरडलो होतो. लाज वाटली मला.

चिनीबाई ठाण्यात आहे हे ऐकताच तिने तवा उतरवला, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "चला." फौजदाराची बायको भर बाजारातून मोकळ्या पायांनी ठाण्यात चालत आली. बायकोच्या जबाबात माझा हात नको म्हणून तो हवालदाराने घेतला. "हाई मन्हं शे. मीच ठेवाले दिधं," ती म्हणाली आणि अंगठा दिला. गाव दारात गोळा झालं होतं. मला वाटलं होतं माझी मान खाली जाईल. उलट ऊर भरून आला.

तासाभरात उरलेल्या तिघी आल्या. दोघी पेढीवाल्यांच्या सुना, एक बुरख्यातली. चौघींनी आपापला जोड ओळखला आणि बाई सुटली. खरा चोर पुढे दुसऱ्याच बाजारात सापडला.

सुयांचा गुण किती, ते मी सांगू शकत नाही. चक्कर थांबली, एवढं खरं. पण ती बाई सुईआधी मनगट हातात धरायची आणि निवांत विचारायची, झोप कशी, भूक कशी, रडू येतं का. सबंध नोकरी मी लोकांना प्रश्न विचारण्यात घालवली आणि घरातल्या माणसाला हे तीन कधी विचारले नव्हते. त्या दिवसापासून पाटावर बसण्याआधी विचारतो. एकही दिवस चुकवलेला नाही.

रागावायची खोड मात्र गेली नाही. आजही माझा आवाज चढला, की चुलीपासून हुकूम येतो, "जीभ दिखाओ!" आणि मी, सेवानिवृत्त फौजदार, मुकाट्याने जीभ काढून दाखवतो.